लक्ष्मीपूजनाआधी घासलेले डॉलर

पत्र

"मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली दोन वर्षे अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर जमवतो आहे. 'मॉर्गन' प्रकारचे नऊ आणि 'पीस' प्रकारचे आठ, असे सतरा डॉलर आजवर झाले आहेत. गेल्या दिवाळीत आई साताऱ्याहून आली होती. लक्ष्मीपूजनाला काळवंडलेली नाणी कशी मांडायची, म्हणून तिने त्यांतली अकरा नाणी टूथपावडर लावून लख्ख घासली. मला ती बरी वाटली होती, पण एका विक्रेत्याने ती पाहताक्षणी बाजूला सारली आणि 'ही आता मोडीच्या भावाची' असे सांगितले. दुसरा विक्रेता, ज्याच्याकडून मी बरीच खरेदी केली आहे, तो उरलेली सहाही नाणी 'एमएस-६५' (न वापरलेल्या नाण्यांतला वरचा) दर्जाची आहेत असे म्हणतो. कोणाचे खरे मानावे? दर्जा आपला आपल्याला ओळखता येतो का? सगळी नाणी प्रमाणित करून घ्यावीत का? छायाचित्रे आणि वजने सोबत पाठवत आहे. आईला यातले काही सांगितलेले नाही."

उत्तर

आईंना सांगितले नाहीत हे बरे केलेत, आणि पुढेही सांगण्याचे कारण नाही. आपल्याकडे सणाच्या आदल्या दिवशी समई, ताम्हण आणि चांदीचे निरांजन घासून ठेवण्याचीच रीत आहे. वापराच्या वस्तूची चमक हा तिचा मान असतो. जुन्या नाण्याच्या बाबतीत हा हिशेब नेमका उलटा होतो, हे त्यांना कोणी सांगितले असणार?

तो उलटा का होतो, हे समजले की तुमचे निम्मे प्रश्न सुटतील. टांकसाळीत नाण्यावर ठसा मारला जातो तेव्हा दाबाखाली चांदी मध्यापासून कडेकडे सरकते. या सरकण्याने ठशाच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक, कडेकडे धावणाऱ्या रेषा तयार होतात आणि त्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर उतरतात. नुसत्या डोळ्यांना त्या रेषा दिसत नाहीत, पण प्रकाश त्यांच्यावरून परततो आणि नाणे हातात फिरवले की उजेडाचा एक पट्टा बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. संग्राहक ज्या झळाळीचे पैसे मोजतात ती हीच. टूथपावडर म्हणजे बारीक घर्षकाची पूड असल्यामुळे ती काळपटपणाबरोबर या रेषाही खरवडून नेते, आणि मागे राहते ती सगळीकडे सारखी, न फिरणारी, वाटीच्या तळासारखी चमक. गेलेली रेष कोणत्याही उपायाने परत येत नाही. काळपटपणा पुन्हा आणण्यासाठी उकडलेल्या अंड्याजवळ नाणे ठेवणे किंवा ते भट्टीत तापवणे असले सल्ले तुम्हाला मिळतील. ते ऐकू नका, कारण त्यामुळे एका दोषाचे दोन होतात.

आता नुकसानीचा हिशेब. छायाचित्रांवरून, घासलेल्या अकरांपैकी आठ नाणी (१९२१ चे दोन मॉर्गन आणि १९२२ ते १९२६ या वर्षांचे सहा पीस) आधीपासूनच चलनात फिरून झिजलेली आणि मुबलक सापडणाऱ्या वर्षांची आहेत. अशा नाण्यांचा भाव मुळातच आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा थोडासाच वर असतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत तुमचे फारसे गेलेले नाही. खरी हळहळ वाटावी अशी नाणी तीन : सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचे १८८० चे, आणि न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीची १८८५ व १९०४ ची. त्यांच्या अक्षरांच्या सांदीत अजूनही मूळ झळाळी अडकून राहिलेली दिसते, म्हणजे दिवाळीपूर्वी ती न वापरलेली असावीत. तीही दुर्मीळ वर्षांची नाहीत, एवढेच समाधान.

पहिल्या विक्रेत्याचे बोलणे तुम्हाला कडवट वाटले असेल, पण 'मोडीचा भाव' हा शब्द नीट ध्यानात ठेवा, कारण या छंदाचा पाया तोच आहे. मॉर्गन आणि पीस या दोन्ही डॉलरांचे वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, आणि धातू ९० टक्के चांदी व १० टक्के तांबे असा आहे. प्रत्येक नाण्यात सुमारे २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे आपल्या जुन्या मापाने दोन तोळ्यांहून किंचित जास्त. ब्रिटिश अमलातला कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा असे. त्या हिशेबाने एका डॉलरात सव्वादोन रुपयांची चांदी असते. चांदीचा त्या दिवशीचा भाव पाहून ही रक्कम काढायची आणि दुकानदार जे सांगतो त्यातून ती वजा करायची. उरलेली रक्कम तुम्ही पृष्ठभागासाठी आणि दुर्मीळतेसाठी देत असता. ती कशासाठी देतो आहोत हे बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर त्या दिवशी नाणे घेऊ नये.

दुर्मीळतेबद्दल नव्या संग्राहकांची एक ठरलेली चूक होते. ते टांकसाळीचे आकडे पाहतात आणि कमी आकडा म्हणजे दुर्मीळ नाणे असे धरून चालतात. मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले, आणि त्यांचा मोठा भाग लोकांच्या खिशात कधी गेलाच नाही. हजार-हजार नाण्यांच्या कापडी पिशव्यांतून तो सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिला. मग १९१८ साली अमेरिकेत पिटमन कायदा झाला आणि त्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवण्यात आले. ती बहुतेक चांदी कुठे गेली असेल? ब्रिटनमार्फत ती हिंदुस्थानात आली. पहिल्या महायुद्धाच्या धांदलीत आपल्याकडे लोक कागदी नोटांच्या बदल्यात रोख रुपये मागत होते, आणि मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळींना चांदी पुरेनाशी झाली होती. तुमच्या साताऱ्याच्या घरी पंचम जॉर्जचा त्या सुमाराचा रुपया असेल, तर त्यात एखाद्या मॉर्गन डॉलरचा अंश असणे अगदी शक्य आहे.

वितळवलेल्या नाण्यांत कोणत्या वर्षाची किती होती, याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे किती पाडली यापेक्षा किती वाचली आणि कोणत्या अवस्थेत वाचली, हेच विचारावे लागते. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर कित्येक वर्षे या मालिकेतल्या सर्वांत दुर्मीळ नाण्यांपैकी मानला जात असे. १९६२ च्या अखेरीस तिजोरीतून त्याच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि चढ्या भावाने ते घेऊन बसलेल्यांचे तोंडचे पाणी पळाले. उलट सॅन फ्रान्सिस्कोचा १८८४ चा डॉलर झिजलेल्या अवस्थेत सहज आणि स्वस्तात मिळतो, पण न वापरलेल्या अवस्थेत त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. एकाच वर्षाचे, एकाच टांकसाळीचे नाणे. फरक फक्त गालावरच्या आणि केसांवरच्या झिजेचा.

म्हणून आता पाहायचे कसे, हे सविस्तर सांगतो. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा आणि टेबलावर एकच दिवा ठेवा. नाणे दोन बोटांनी कडेला धरून, खाली मऊ कापड पसरून, दिव्याखाली सावकाश कलते फिरवा. भिंग पाचपट पुरते. त्याहून मोठे घेतले तर प्रत्येक नाणे खराबच दिसते. आधी फक्त तो फिरणारा पट्टा पाहा. मॉर्गनवर पुढच्या बाजूला स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस आणि गाल, आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती, हे सर्वांत उंच भाग आहेत. नाणे चलनात थोडे जरी फिरले तरी पहिली झीज तिथेच होते. पट्टा या उंचवट्यांवरून अखंड सरकला, तर नाणे न वापरलेले. तिथे येऊन तो तुटला आणि एक करडा, निस्तेज डाग उरला, तर नाणे वापरलेले आहे, मग बाकीचे कितीही चमकत असो. अशी किंचित वापरलेली नाणी न वापरलेली म्हणून खपवणे हा या बाजारातला सर्वांत जुना धंदा आहे. पहिल्याच वर्षी मी स्वतः त्यात फसलो होतो आणि दुकानदाराने दिलेल्या पेढ्यांसकट ती खरेदी मला आजही आठवते.

मात्र झीज आणि कच्चा ठसा यांची गल्लत करू नका, आणि हे तुमच्याच एका नाण्यावरून दाखवता येईल. न्यू ऑर्लिन्सच्या १८९२ च्या डॉलरवर तुम्हाला कानावरचे केस सपाट दिसत आहेत आणि गरुडाच्या छातीवर पिसे जवळजवळ नाहीत, म्हणून तुम्ही ते झिजलेले समजून सर्वांत खाली ठेवले आहे. त्या टांकसाळीची, विशेषतः त्या वर्षीची, नाणी अशीच निघत; दाब कमी पडे आणि ठसा नीट उठत नसे. सपाट भागावर झळाळी शाबूत असेल तर तो भाग जन्मतःच सपाट आहे, आणि झळाळी गेली असेल तर तो झिजला आहे. तुमच्या छायाचित्रात तिथे पट्ट्याचा एक तुकडा पकडला गेलेला दिसतो. प्रत्यक्ष पाहून खात्री करा. मला तरी ते न वापरलेले वाटते. ठसा कच्चा असल्याने त्याला मोठा दर्जा मिळणार नाही, पण ते मोडीत घालण्याजोगे खासच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचे १८८१ चे नाणे याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. त्या वर्षी तिथे १ कोटी २७ लाखांहून अधिक डॉलर पाडले गेले आणि त्यांचा ठसा इतका रेखीव आहे की केसांची बट अन् बट मोजावी. तुमच्या विक्रेत्याने यालाही एमएस-६५ म्हटले आहे. आता ही मोजपट्टी काय आहे ते थोडक्यात सांगतो : विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणांची रीत मांडली आणि पुढे ती सर्वच नाण्यांना लावण्यात आली. ६० आणि त्यापुढची सगळी नाणी न वापरलेली असतात. त्यांच्यातला फरक झिजेचा नसून पिशवीतल्या घावांचा, ठशाचा आणि झळाळीचा असतो. हजार डॉलरांची एक पिशवी जवळजवळ पावणेसत्तावीस किलोंची होते. ती एका तिजोरीतून दुसरीत आपटत नेली की आतल्या नाण्यांच्या कडा एकमेकांच्या तोंडावर बसतात. मॉर्गनचा गाल मोठा, मोकळा आणि उंच असल्यामुळे पहिली नजर तिथेच जाते आणि एक खोल घाव गालावर असला तर तो केसांमध्ये लपलेल्या दहा घावांना भारी पडतो. तुमच्या नाण्याच्या गालावर डोळ्याखाली एक तिरपी खाच आणि जबड्याजवळ बारीक घावांचा पुंजका आहे. छायाचित्रावरून निकाल देणे धाडसाचे असते, तरीही ६३ च्या फार वर मी त्याला नेणार नाही. ६५ साठी गाल जवळजवळ स्वच्छ लागतो.

पीस डॉलरची पारख थोडी वेगळी. १९२१ ते १९२८ आणि १९३४-३५ या वर्षांत पाडलेल्या या नाण्याची रचना अँथनी डी फ्रान्सिस्की यांची. चेहऱ्यासाठी त्यांच्या पत्नी तेरेसा यांचा नमुना घेतला होता. पहिल्या वर्षी ठसा खूप उठावदार होता, तो पुढच्या वर्षी उतरवण्यात आला आणि तेव्हापासून या नाण्यांना एक प्रकारचा मवाळपणा आला. झळाळी आरशासारखी नसते, रेशमासारखी असते. तुमचे १९२२ चे नाणे त्या वर्षी फिलाडेल्फियात पडलेल्या ५ कोटी १७ लाखांपैकी एक आहे, आणि तसेच दिसते. १९२५ चे मात्र मला आवडले. त्या वर्षीचे ठसे सहसा चांगले उठलेले असतात आणि तुमच्या नाण्यावर चेहऱ्यासमोरची मोकळी जागा बरीच स्वच्छ आहे. तुमच्या सतरांतले मी एकच उचलायचे झाले तर हे उचलेन.

आता ते नाणे, ज्यावर १८८७ साल आणि मागच्या बाजूला माळेखाली 'सीसी' ही कार्सन सिटी टांकसाळीची खूण आहे. तुम्ही ते भंगारबाजारात ८० डॉलरना घेतले आणि स्वस्तात मिळाले म्हणून खूश आहात. वजनाच्या यादीत तुम्हीच त्यापुढे २४.९ ग्रॅम लिहिले आहे. नाणे चलनात वर्षानुवर्षे झिजले तरी वजनात अर्धा-पाऊण ग्रॅम घट यायला आधी नक्षी पार पुसट व्हावी लागते. तुमच्या नाण्यावर तर सारे स्पष्ट आहे. आणि वजन काट्यावर घालण्याचीही गरज नव्हती, कारण कार्सन सिटीने १८८६ ते १८८८ या वर्षांत मॉर्गन डॉलर पाडलेच नाहीत. त्या टांकसाळीचे मॉर्गन १८७८ ते १८८५ आणि १८८९ ते १८९३ एवढेच. म्हणजे तुमच्याकडचे नाणे, ज्याला तुमच्या विक्रेत्याने इतर पाचांबरोबर एमएस-६५ देऊन टाकले, ते कधी अस्तित्वातच नव्हते. त्यांच्या पारखीबद्दल याहून अधिक मी काही लिहावे असे वाटत नाही.

बनावट नाणी सर्वच इतकी भोळी नसतात. खऱ्या १८९३ च्या फिलाडेल्फिया डॉलरवर 'एस' डकवून त्याचा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर करतात, कारण त्या टांकसाळीने त्या वर्षी फक्त १ लाख डॉलर पाडले आणि मालिकेतले ते सर्वांत मौल्यवान नाण्यांपैकी आहे. अशा नाण्याचे वजन, धातू, चुंबक, सारे बरोबर येते; फक्त मुकुटावरच्या 'लिबर्टी' या शब्दातल्या 'टी' अक्षरात खऱ्या नाण्यावर असलेली बारीक तिरपी रेघ दिसत नाही. तुमच्या अंदाजपत्रकात हे नाणे येणार नाही, पण तत्त्व लागू आहे : ज्या नाण्याची किंमत केवळ एका इवल्या खुणेवर उभी आहे, ते प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका. नाणे खणकन वाजवून पाहण्याची आपली जुनी सराफी रीतही इथे आवरावी. चांदीचा नाद लांब आणि गोड असतो हे खरे, पण फरशीवर टाकलेल्या नाण्याच्या कडेला ठोक बसतो आणि खरे नाणे खरे ठरता ठरता स्वस्त होते.

प्रमाणित करण्याबद्दल माझे उत्तर सरळ आहे : सतरांपैकी एकही आत्ता पाठवू नका. पीसीजीएस ही संस्था १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून नाणी तपासून प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत घालून देते, आणि त्यांचे काम विश्वासाचे आहे. पण फी, टपाल आणि विमा मिळून एका नाण्यामागे येणारा खर्च तुमच्या १९२२ सारख्या नाण्याच्या किमतीशी बरोबरी करू लागतो. घासलेल्या नाण्यांना तर अंकी दर्जा मिळतच नाही. पेटीवर 'साफ केलेले' असा शेरा येतो, म्हणजे पैसे देऊन आपलाच दोष छापून घेणे. १९२५ चे नाणे एखाद्या प्रदर्शनात दोन-तीन जाणकारांना दाखवा, तिघांचेही मत ६५ च्या आसपास आले तर पुढचा विचार करा.

त्याऐवजी तोच पैसा शिकण्यावर घाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या १८८१ च्या डॉलरची दोन प्रमाणित नाणी विकत घ्या, एक ६३ चे आणि एक ६५ चे. पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा, कारण आता पेट्याही बनावट निघतात. मग ही दोन्ही त्याच दिव्याखाली शेजारी ठेवून महिनाभर रोज पाच मिनिटे पाहा. पेटीवरचा अंक कागदाने झाकून घरातल्या कोणाला तरी त्यांची अदलाबदल करायला सांगा. तुम्ही सलग दहा वेळा बरोबर ओळखले की तुमच्या आधीच्या नाण्यांकडे परत या. तोपर्यंत काही घेऊ नका. ही नाणी मुबलक आहेत आणि पुढच्या वर्षीही मिळतील, हाच त्यांचा मोठा गुण आहे.

साठवण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण छायाचित्रांत नाण्यांभोवती मऊ, वळणारी प्लास्टिकची पाकिटे दिसतात. त्यांतल्या पीव्हीसीने काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. ती आजच काढा आणि नाणी कडक प्लास्टिकच्या गोल डब्यांत ठेवा. रबरबँड आणि लोकरीचे कापडही जवळ नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. नाणे आपोआप, सावकाश काळवंडले तर त्याला हात लावू नका. कडेने निळसर-सोनेरी छटा धरलेल्या नाण्याला लोक उलट जास्त पैसे देतात.

आणि आई पुढच्या दिवाळीला येतील तेव्हा त्यांनी घासलेली ती अकरा नाणी त्यांच्याच हाती द्या आणि पाटावर तीच मांडा. परत जाताना त्यांतली दोन-चार देव्हाऱ्यासाठी साताऱ्याला न्यायची असली, तर जाताना कस्टममध्ये काय जाहीर करावे लागते ते आधी पाहा. शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुनी नाणी भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात आणि एकदा तिकडे गेलेले मॉर्गन खासगी व्यक्तीला परत बाहेर नेता येत नाही. १८८७ चे ते नाणे मात्र 'बनावट' असे लिहिलेल्या पाकिटात घालून वेगळे ठेवा, आणि त्या विक्रेत्याकडे ते पुन्हा एकदा, दर्जा न विचारता, फक्त वजन करायला घेऊन जा.